भिंतीतली दयाळ आणि आमचे कंट्रोलर आप्पा

डावं मनगट डोळ्यांजवळ न्यायचं, मान जरा तिरकी करायची आणि समोर कोणी असो-नसो, जाहीर करायचं : "उनी. दोन मिनिट लेट शे."

उनी म्हणजे आली. कोण? तर दयाळ पक्ष्याची मादी, चोचीत अळी धरून, माझ्या परसातल्या भिंतीच्या भोकाशी. आणि जाहीर करणारे आमचे शेजारी, शहाद्याच्या बसस्थानकावर कंट्रोलर म्हणून सगळी नोकरी काढलेले. कॉलनीत त्यांना सगळे आप्पा म्हणत. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी येणाऱ्या-जाणाऱ्याची वेळ सांगितल्याशिवाय त्यांना राहवत नसे. दूधवाला, घंटागाडी, माझी बायको, कोणालाच सूट नव्हती. असा एखादा तुमच्याही गल्लीत असेल, नीट पाहा.

ते भोक जुन्या पाइपाचं. मी ते सिमेंटनं बुजवणार होतो, दोन वर्षं बुजवणारच होतो. त्या मार्चमध्ये दयाळांची जोडी त्यात काड्या नेऊ लागली, तेव्हा आप्पा म्हणाले, "भाऊसाहेब, तुन्हा आळस कोनाले तरी कामे उना." मी तहसील कचेरीत कारकून, म्हणून भाऊसाहेब. पण त्यांच्या तोंडून तो शब्द आला, की टेबलावर पडून असलेल्या सगळ्या फायली मला आठवत.

मग ते रोज सकाळी माझ्या परसात उलट्या बादलीवर बसू लागले. काळापांढरा नर पहाटेपासून तारेवर शेपटी उभारून गात असे. त्याच्यावर आप्पांचा राग. बायको अंड्यांवर बसलीय आणि "हाऊ नुसता हॉर्न वाजाडस." पिल्लं बाहेर आली, तीन, आणि तोच नर दिवसभर अळ्या आणू लागला, तेव्हा आप्पांनी त्याची रीतसर माफी मागितली. तारेखाली उभं राहून, टोपी काढून. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं आणि हसलो.

पिल्लांसाठी त्यांनी आमच्या घराला नियम लावले. कपड्यांची दोरी हलली. मांजराला ताटातलं उरलंसुरलं पुढच्या दाराशी. सगळ्यात मोठा नियम मसाल्याचा. आमच्या भागात उन्हाळ्यात घरोघरी वर्षाचा मसाला होतो. मोठ्या कढईत लाल मिरची तेलावर भाजायची, तीही परसात, कारण घरात भाजली तर घर सोडावं लागतं. तो धूर उठला की अख्खी गल्ली शिंकते. पिल्लं उडेपर्यंत मिरची भाजू नका, असं आप्पांनी बायकोला सांगितलं आणि ती लगेच हो म्हणाली. वीस वर्षांत माझ्या एकाही म्हणण्याला ती इतक्या लवकर हो म्हणालेली नाही.

आणि नेमकं तेव्हाच आप्पांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं, चिंचपाड्याच्या दवाखान्यात. नंतर आठ दिवस नवापूरला मुलीकडे राहायचं होतं. पिल्लांना पिसं फुटली होती, आज-उद्या उडतील अशी. जाताना त्यांनी मला बादलीवर बसवलं आणि ड्युटी सोपवली. "तुले काहीच करनं नही," ते म्हणाले. "तेच तर तुले जमस."

इथून पुढचं मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी मेहुणा सुरतेला निघाला, त्याला मसाला सोबत हवा होता. बायको म्हणाली, आप्पांना शब्द दिलाय. मीच म्हणालो, पक्ष्यांना विचारून घर चालवायचं का आता? खरं म्हणजे आप्पांच्या टोमण्यांचा मला वीट आला होता. मीच शेगडी मांडली, मीच मिरची भाजायला बसलो. वारं होतं, जाळ विझत होता, म्हणून शेगडी भिंतीच्या आडोशाला सरकवली. त्याच भिंतीच्या. भोकाच्या बरोबर खाली. त्या वेळी डोक्यात फक्त जाळ होता.

दुपारपर्यंत मिरची भाजत होतो. नर-मादी तारेवरून ओरडत होते, जवळ येता येत नव्हतं. धूर बसल्यावर मादी भोकात शिरली आणि बाहेर आली. अळी चोचीत तशीच होती. असं ती अंधार पडेपर्यंत करत राहिली. सकाळी मी स्टूल लावून आत हात घातला. तिन्ही पिल्लं पेरूच्या झाडाखाली पुरली.

आप्पा आले ते काळा चष्मा लावून. अंगणातूनच विचारलं, "उडनात का?"

मी हो म्हणालो.

एवढ्यावर भागलं असतं तर ते कंट्रोलर कसले. पहिलं कोण उडालं, किती वाजता, कोणत्या दिशेला? मी सुचेल ते सांगत गेलो. पहिलं सरळ वर तारेवर गेलं म्हणालो, तर त्यांनी मला थांबवलं. पिल्लू पहिल्यांदा खालीच येतं, जमिनीवर. तुला साधं पाहताही येत नाही, म्हणाले. मी चूक कबूल केली, पिल्लाला खाली उतरवलं. आठवडाभरात सगळ्या कॉलनीला ती हकिकत पाठ झाली, माझ्या नजरेच्या कच्चेपणासकट.

पुढच्या वर्षी त्यांनी अंथरूण धरलं, मुलीनं नवापूरला नेलं. या वेळी सांगूनच टाकायचं ठरवून मी गेलो. खाटेशेजारी त्यांच्या विहीणबाई बसल्या होत्या. त्यांची पोल्ट्री. हजारोंनी पिल्लं वाढवणाऱ्या बाईंना तीन पिल्लांचं कौतुक समजेना. आप्पांनी माझं मनगट धरलं आणि बाईंना म्हणाले, यानं डोळ्यानं पाहिलंय, याच्याकडूनच ऐका.

मी बाईंकडे पाहिलं, आप्पांकडे पाहिलं. आणि सांगितलं. पहिलं खाली उतरलं, कढीपत्त्याच्या बुंध्याशी. दुसरं त्याच्या मागोमाग. दोघांना नर अळ्या भरवत होता. तिसरं मात्र भोकाच्या तोंडाशी बराच वेळ थांबलं. हे तिसऱ्याचं थांबणं मी आधी कधी सांगितलं नव्हतं. ते तिथंच सुचलं.

आप्पांनी डोळे मिटले होते. "थांबीच ते," म्हणाले. "मी दिखनू नही ना त्याले."

माझं मनगट आप्पांच्या हातात तसंच होतं. मी म्हणालो, "हो आप्पा. इकडेतिकडे पाहत होतं."

श्रावणात ते गेले.