टोपलीभर काळा गाळ

रोपवाटिकेत थोरलीची सव्वीस वर्षं गेली होती, धाकट्या जावेची जेमतेम चार. तरी साहेबांनी ठरवलं, की सहा महिन्यांत जिच्या रांगेतली रोपं रस्त्याकडेला लावण्याजोगी होतील, तीच मुकादम. तेव्हापासून थोरलीच्या पोटात दुखायला लागलं.

"हिला माती कालवायला शिकवलं कोणी? मी!" हे ती भेटेल त्याला सांगायची, कोणी विचारलेलं नसलं तरी.

मुलामा देण्याच्या कारखान्यामागच्या नाल्यात गाळ साचायचा, काजळासारखा. काळी माती ती कसदार, एवढं तिला पक्कं ठाऊक. रोज टोपलीभर गाळ ती फाटक्या गोणपाटाखाली झाकून आणायची आणि आपल्या रोपांच्या पिशव्यांत मिसळायची.

"ताई, काय घालता हो एवढं?" धाकटीने विचारलं.

"घाम घालते."

रोपं मात्र हटून बसली. पानांच्या शिरा तेवढ्या हिरव्या, बाकी पान पिवळं. खोड बोटभर वाढेना. पलीकडे धाकटीची रोपं कमरेला लागली. ही नक्की काहीतरी लपवते, असं थोरलीच्या मनाने घेतलं. स्वतः लपवणाऱ्याला दुसरं काय सुचणार! एकदा जेवणाच्या सुट्टीत तिने धाकटीचं सगळ्यात तरारलेलं रोप उपटलं आणि आपल्या मातीत लावलं. आता बघा कसं वाढतं ते! तीन आठवड्यांत तेही पिवळं पडलं.

साहेबांनी माती तपासून घेतली. "यात शिसं आहे, कॅडमियम आहे," ते म्हणाले. "मुळं ते ओढून घेतात, मग पानातला हिरवा रंग जातो. तोच गेला तर उन्हावर अन्न करणार कोण? उपाशी राहिली तुमची रोपं."

मुकादमकी धाकटीला मिळाली. ती आधी थोरलीच्या रांगेकडे गेली. आपल्या प्रत्येक रोपाच्या बुंध्याला ती निळ्या दोऱ्याची गाठ मारायची. शेवटच्या पिवळ्या रोपाला तीच गाठ होती. थोरलीने मान खाली घातली.

"ताई, गाळ कुठून आणलात?" धाकटीने एवढंच विचारलं.

थोरलीने सांगितलं. मग राहवेना, म्हणून पुढचंही सांगितलं. "तुला कळू नये म्हणून झाकून आणायचे गं. तूही घातला असतास, तर माझं काय राहिलं असतं?"

धाकटीने गाठ सोडली, दोरा बोटाला गुंडाळला.

"म्हणजे तुम्ही माझ्यावर जळलात, म्हणून माझी रोपं वाचली."

थोरलीला वाटलं, त्यापेक्षा हिने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.