कर्नलच्या बागेतला दलाल

हसायचं नाही अशी अट घालून उपयोग नाही, तुम्ही हसणारच. पण निदान हातातला चहा आधी संपवा, नाहीतर सांडाल आणि मंदा मला बोलेल. आता आयुष्यात मी पुष्कळदा माती खाल्लीय. पण ही खाल्ली ती भर बागेत, सकाळच्या उन्हात, बायको-मुलीच्या डोळ्यांदेखत!

बाग म्हणजे आपली कर्नलची बाग. एका फाटकातून शिरलं की दुसऱ्या फाटकातून बाहेर पडेपर्यंत माणूस दमतो, एवढी मोठी. जुने आंबे, चिंचा, आणि मधोमध तो बंगला. लांबलचक व्हरांडा, सागवानी खांब, खिडक्यांना रंगीत काचा. दिघीपासून इथवर सगळं माळरान होतं तेव्हा कुण्या इंग्रज कर्नलने हवा खायला आणि ससे मारायला तो बांधला म्हणतात. कर्नल गेला, एक पारशी शेठ आला, तोही गेला, आणि बाग महापालिकेकडे आली. कर्नलचं खरं नाव कुणालाच ठाऊक नाही. मला कुणी विचारलं तर मी प्रत्येकाला वेगळं सांगतो.

बागेच्या मागच्या भिंतीला लागून आमचं शेत. म्हणजे शेताचा उरलेला तुकडा हो! बाकीचं कधीच कंपन्यांत आणि रस्त्यांत गेलं. आमच्या विहिरीचं पाणी एकेकाळी पाटाने कर्नलच्या गुलाबांना जायचं, असं आजोबा सांगायचे. आता त्या तुकड्यावर अख्ख्या पिंपरी-चिंचवडच्या दलालांचा डोळा. का? तर टॉवर उभा राहिला की प्रत्येक फ्लॅटच्या गॅलरीतून बाग दिसणार, बंगला दिसणार!

मी नाही विकणार. आज हा तुकडा गेला की उद्या भिंत जाईल, भिंत गेली की आंबे जातील, आणि शेवटी बंगल्यात लग्नाचा हॉल निघेल, अशी माझी पक्की खात्री आहे. म्हणून रिटायर झाल्यापासून मी रोज सकाळी बंगल्याच्या पायरीवर बसतो. राखणीला! मंदा म्हणते, तुमचा स्वभावच संशयी. असेल! भोसरीच्या कंपनीत माझा जन्म गेला तो आलेला माल तपासण्यात. ट्रकमधला प्रत्येक नग खोटा आहे असं धरूनच चालायचं, हीच नोकरी. ते रक्तात उतरलं त्याला मी काय करू?

दलाल पळवायची माझी एक युक्ती होती. 'जमीन विकायची नाही' असं मालकाने सांगितलं की हे लोक उलट जास्त चिकटतात. म्हणून आपण मालक आहोत हे सांगायचंच नाही. तिऱ्हाईत होऊन कानात सांगायचं, "त्या बबनरावाच्या नादी लागू नका, लफड्याची जमीन आहे." दलाल पुन्हा फिरकत नसे. बबनराव म्हणजे अर्थात मीच.

तर त्या आठवड्यात घरात वेगळीच गडबड होती. आमची स्नेहल हिंजवडीत नोकरीला. तिने मुलगा स्वतःच पसंत केला होता. नाव अमोल, मूळ लातूरकडचे लोक, आता चाकणला घर. मुलगा तिथल्याच एका कारखान्यात इंजिनिअर. रविवारी त्यांच्याकडची मंडळी पहिल्यांदाच आमच्या घरी यायची होती, बोलणी करायला. अमोलची चौकशी मी केव्हाच उरकली होती. त्याच्या कंपनीच्या वॉचमनपासून सोसायटीच्या दूधवाल्यापर्यंत कुणालाही सोडलं नाही. पोरगा रिजेक्ट करायला जागाच मिळाली नाही, काय करता!

पण आपलीही कुणी चौकशी करत असेल, हे माझ्या डोक्यात यावं की नाही? नाही आलं. चौकशी मुलीच्या बापाने करायची. मुलीच्या बापाची कोण करतो?

गुरुवारी सकाळी तो आला.

पांढरा शर्ट, पायात नवे कोरे बूट, मनगटावर चौकोनी घड्याळ. भिंतीच्या कडेकडेने चालतोय, थांबतोय, घड्याळात बघतोय, पुन्हा चालतोय. आमच्या तुकड्यापाशी आला की टाचा उंचावून भिंतीपलीकडे डोकावतोय! तुम्हीच सांगा, ही काय फिरायची रीत झाली? मोजणी चालली होती ती, मोजणी! पावलांनी!

मग त्याने मोबाइल काढून बंगल्याचा फोटो घेतला आणि येऊन माझ्याच शेजारी टेकला.

"बंगला लई जुना दिसायलाय," तो म्हणाला.

"आहे."

"कुनी बांधला म्हनायचा?"

"कर्नल विल्सनने." दिलं ठोकून. आदल्या दिवशी हॅमिल्टन सांगितलं होतं.

"इथलेच का तुमी?"

"फिरायला येतो रोज."

"मग बबनरावाला वळखत असाल. त्या भिंतीमागं शेत हाय बघा, त्यांचं."

आला! आला मुद्द्यावर! मी मनातल्या मनात बाह्या सरसावल्या.

"चांगला ओळखतो. का बरं?"

"काही नाही, सहज इचारायलोय."

सहज! अहो, सहज विचारणारा माणूस कधी 'सहज विचारतोय' म्हणतो का?

"भाऊ किती त्यांना?" त्याने सुरू केलं. "वाटन्या झाल्या का? भांडन-तंटा, कोर्टकचेरी काही? मानूस शब्दाला कसा हाय?"

एकूण एक प्रश्न दलालाचा! आजवर जेवढे आले त्यांनी हेच विचारलं होतं, ह्याच क्रमाने. मी इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला.

"भाऊ, तुम्ही भला माणूस दिसता म्हणून सांगतो. त्या बबनच्या वाऱ्यालाही उभं राहू नका. चुलतभावांशी कोर्टात भांडतोय. बहिणींचा हिस्सा गिळून बसलाय. सकाळी दिलेला शब्द त्याला दुपारी आठवत नाही."

त्याचा चेहरा उतरला. मला कोण आनंद!

"पितात का हो?" त्याने हळूच विचारलं.

आता बघा, दलालाला काय करायचंय मालक पितो की नाही? उलट पीत असेल तर त्याचं काम सोपंच. इथे मला शंका यायला हवी होती. जन्मभर नको तिथे शंका घेतली, आणि हवी तिथे आली नाही. मी पुरता रंगात आलो होतो.

"पितात? अहो, दुपारपासून! परवा तर ह्या बंगल्याच्या खांबाला मिठी मारून रडत होता. आणि संशयी तर इतका की स्वतःच्या सावलीला नाव-गाव विचारील."

"अरारारा! आन् घरचे?"

"बायको बिचारी गरीब. तिचं नशीब फुटकं, दुसरं काय?"

"पोरंबाळं?"

इथे मात्र माझी जीभ अडली. बबनरावाचं मी वाटेल ते सांगीन हो, पण स्नेहलबद्दल वाकडा शब्द? तोंडातून येईचना.

"एक मुलगी आहे," मी म्हणालो. "ती मात्र सोनं आहे. बापावर गेली नाही."

 तो उसासा टाकून उठला, माझे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाला, "लई उपकार झाले तुमचे. आमी फसलो असतो." आणि गेला. त्या दिवशी मी पोहे दोनदा मागून घेतले.

शनिवारी दुपारी मंदाचा फोन वाजला. अमोलची आई. मंदा 'हो, हो' म्हणता म्हणता खालीच बसली. रविवारचं येणं रद्द! अमोलच्या मामांनी बागेत जाऊन चौकशी केली म्हणे, आणि तिथल्या एका माणसाने मुलीच्या वडिलांबद्दल नको नको ते सांगितलं. काय सांगितलं? ते मामा सांगायला तयार नाहीत. असल्या गोष्टी आपल्या तोंडाने कशाला बोलायच्या, म्हणतात.

स्नेहल खोलीत गेली आणि आतून कडी लावली.  लहानपणापासून कधी कडी लावली नव्हती पोरीने.

"पण सांगितलं कुणी?" मी गरजलो.

मंदा म्हणाली, "बंगल्याच्या पायरीवर बसणारा कोणीतरी, असं म्हणत होत्या."

तुम्हाला कळलं ना? लगेच कळलं ना? मला नाही कळलं! कारण माझ्या लेखी माझ्याजवळ बसलेला माणूस दलाल होता. दलालाचा आणि मामाचा काय संबंध? माझ्या डोळ्यांसमोर एकच नाव आलं. रामदास!

रामदास माझा चुलतभाऊ. आमचं भांडण असं नाही, पण बोलणंही बेताचंच. त्याच्या पोराचं लग्न जमत नव्हतं, माझ्या पोरीचं जमत होतं. झालं, कारण सापडलं! तडक त्याच्या अंगणात जाऊन उभा राहिलो.

"रामदास, माझ्या पोरीच्या वाटेत का आलास?"

"म्या? आरं बबन्या, काय बोलतूस तू?"

"बंगल्याच्या पायरीवर बसून माझी बदनामी केलीस!"

"पायरीवर?" रामदास खाटेवरून उठलाच. "तू बसू देतूस व्हय कुनाला त्या पायरीवर? मागं जरा टेकलो, तर म्हनालास ऊठ, मला भिंत दिसत न्हाई. त्या पायरीवर तुझ्याबिगर कुत्रं बी बसत न्हाई, बबन्या!"

आता तरी डोक्यात प्रकाश पडावा की नाही? पण आम्ही कसले! मी म्हणालो, "म्हणजे मी नसताना बसतोस! कबूल कर!"

रामदासने कपाळावर हात मारला.

तिकडे अमोल हट्टाला पेटला होता. मुलगी तीच हवी, म्हणाला. शेवटी मामा एवढ्याला तयार झाले की रविवारी सकाळी बागेत येतो आणि तो माणूस दाखवतो. मी म्हटलं, उत्तम! समोरासमोर होऊन जाऊ दे! मंदाला घेतलं, रडून डोळे सुजलेल्या स्नेहलला घेतलं, आणि रामदासला तर ओढतच आणलं. आरोपी हजर नको का?

बंगल्याच्या सगळ्यांत वरच्या पायरीवर मी कमरेवर हात ठेवून उभा राहिलो. पलीकडे हिरवळीवर हास्यक्लब चालला होता. आंब्यांच्या रांगेतून अमोल येताना दिसला. आणि त्याच्या शेजारी कोण? पांढरा शर्ट! चौकोनी घड्याळ! माझं डोकंच फिरलं. दलाल माझ्या जावयापर्यंत पोहोचला होता!

"अमोल!" मी वरून ओरडलो. "लांब हो त्या माणसापासून! दलाल आहे तो! दलाल!"

आणि त्याच वेळी तो माणूस माझ्याकडे बोट करून ओरडला, "ह्योच! ह्योच त्यो मानूस!"

हास्यक्लब थांबला.

अमोल एकदा माझ्याकडे बघतोय, एकदा त्याच्याकडे. "मामा," तो चाचरत म्हणाला, "अहो, हे स्नेहलचे बाबा."

"बबनराव?"

"हो."

"हे सोताच बबनराव?" मामा मटकन खालच्या पायरीवर बसले. "मग ह्यांनी मला बबनरावाचं जे सांगितलं..."

"काय सांगितलं?" मंदाने विचारलं. तिचा तो आवाज तुम्ही ऐकला नाहीत हे तुमचं भाग्य.

मग सुरू झाली तपासणी. माझ्याच मालाची!

"चुलतभावांसंगं कोर्टात केस हाय म्हनले."

"कसली केस?" रामदास म्हणाला. "आत्ता मातूर करावी म्हनतो."

"बहिनींचा हिस्सा खाल्ला म्हनले."

"उद्या बहिणी कोर्टात जातील म्हणून आधीच सगळं रीतसर वाटून दिलंय ह्यांनी," मंदा म्हणाली. "त्यांच्यावरही संशय होता ना!"

"दुपारपासून पितात म्हनले."

"चहा. तोही बिनसाखरेचा."

"संशयी लई हाय म्हनले."

मंदाने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "ते खरं आहे."

मी पायरीवरच्या भेगा बघत उभा होतो. कर्नलने बंगल्याला तळघर का नाही बांधलं, एवढंच मनात येत होतं. तरी विचारलंच, "पण तुम्ही भिंत का मोजत होता?"

"भिंत?" मामा म्हणाले. "डाक्टरनं चालाय सांगितलंय. हे घड्याळ पावलं मोजतंय. आन् म्हनलं, चालता चालता पोरीच्या बापाचं रान कसं हाय ते बी बघावं."

 स्नेहल एका बाजूला उभी होती, नजर जमिनीवर. लाज वाटली हो मला. एरवी मी कुणापुढे मान तुकवत नाही, पण त्या क्षणी पोरीकडे बघायची छाती झाली नाही. तिचं सगळं ठरलेलं मी स्वतःच्या तोंडाने मोडलं होतं.

मामा उठले. "आनखी एक म्हनले हुते," ते हळू म्हणाले. "पोरगी सोनं हाय, बापावर गेली नाही, असं. तवाच मला वाटलं हुतं, ज्या मानसाच्या तोंडून कुनाबद्दल बरा शब्द निघत नाही, त्यो पोरीला सोनं म्हनायलाय. म्हंजी पोरगी तशी असनारच."

स्नेहल रडता रडता हसली. मग अमोल हसला, मग मंदासुद्धा. हास्यक्लबला काय, निमित्तच हवं होतं, तोही सुरू झाला. मी मामांचे पाय धरायला वाकलो तर त्यांनी मला वरच्या वर धरून मिठी मारली. बंगल्याच्या खांबाला मारतात तशी!

रामदासची माफी मागितली. तो म्हणाला, "माफी ऱ्हाऊ दे. मला ती पायरी पायजे." दिली. आता मी समोरच्या बाकावर बसतो. तिथून भिंत अर्धीच दिसते.

साखरपुड्यात मामांनी लातूरहून आलेल्या प्रत्येक पाहुण्याला माझ्यापुढे आणून उभं केलं. "हे पोरीचे वडील," ते म्हणायचे. "मानूस कसा हाय ते मला नका इचारू. एका माहीतगारानं मला आधीच सगळं सांगितलंय." सगळ्यांत मोठ्याने कोण हसत असेल? रामदास!

लग्न पुढच्या महिन्यात आहे. मी आता सुधारलोय. कुणावर संशय घ्यायचा नाही, असं देवासमोर कबूल केलंय. परवा सकाळी बाकावर बसलो होतो, तर एक माणूस आला. हातात भली मोठी टेप! म्हणतो, "काका, बबनराव कुठं राहतात? जागा मोजायचीय." टेप, आणि वर जागा! मी अगदी शांतपणे त्याला म्हणालो, "बबनराव? ते तर सगळं विकून कोकणात राहायला गेले." बिचारा टेप गुंडाळून निघून गेला.

तेव्हापासून मंदा विचारतेय, अंगणाचं माप घ्यायला मंडपवाला येणार होता, तो अजून कसा आला नाही. तुम्ही तिला काही बोलू नका. घ्या, अजून एक कप घ्या.