जनामामीची खांड

जनामामीच्या घरी पाहुणा पहिल्या रात्रीपुरताच पाहुणा असे. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने चहाची बशी खाली ठेवायच्या आत ती त्याच्या हातात काहीतरी देई. कुणाला खराटा, कुणाला कळशी, कुणाला सोलायला वालाच्या शेंगा. नाताळची सुट्टी लागली की मी आणि माझा धाकटा भाऊ वसंत मुंबईहून तिच्याकडे जायचो. एकदा आई बरोबर आली होती. आम्हाला भल्या सकाळी कामाला लागलेलं पाहून ती म्हणाली, "अगं, शाळा करून दमलीत पोरं. दोन दिवस लोळू दे की." मामी चुलीत फुंकर घालता घालता म्हणाली, "सुट्टी शालेला हाय, हातांना न्हाय."

मामी दिसायला लहानखुरी होती. काळीसावळी, लुगडं गुडघ्याच्या वर खोचलेलं, आणि चालणं असं की तिच्याबरोबर जायचं म्हणजे आम्हाला अधूनमधून धावावं लागे. मामा परळला गिरणीत कामाला होता आणि मुंबईत आमच्याच खोलीत राहायचा. गणपतीला आणि शिमग्याला तेवढा गावी जायचा. रेवदंड्याच्या अलीकडे खाडीकाठी असलेलं ते घर, भाताची शेती, एक म्हैस आणि दोन मुलं मामी एकटीच सांभाळायची. मुलगी मंजुळा माझ्याच वयाची, मुलगा गणू सहा वर्षांचा.

तिला "बघू" हा शब्द चालत नसे. आम्ही एखादी गोष्ट टाळायला "बघू" म्हटलं की ती थांबून विचारायची, "बघू म्हंजे काय? व्हय का न्हाय, काय ता सांग." स्वतःही ती एक तर हो म्हणायची, नाही तर नाही.

वसंत सात वर्षांचा असतानाची गोष्ट. घरापासून शेताकडे जाताना एक ओहोळ लागे आणि त्यावर माडाचं खोड आडवं टाकलेलं होतं. वसंत त्यावर पाय ठेवेना. मी म्हटलं, "मामी, उचलून घे ना त्याला." मामीने डोक्यावरचं टोपलं खाली ठेवलं, ओहोळात उतरली आणि कमरेएवढ्या पाण्यात खोडाशेजारी उभी राहिली. "मी हितं हाय. पडलास तं झेलीन. पन चालायचं तुज्या पायांनी." वसंत रडला, परत फिरला, पुन्हा आला. मामी पाण्यातून हलली नाही. आम्ही तिघं काठावर बसून कंटाळलो. ऊन डोक्यावर आलं तेव्हा कुठे वसंत खोडावर बसून, सरकत सरकत पलीकडे गेला. मामीने टोपलं परत डोक्यावर घेतलं आणि चालू लागली. दुपारी जेवताना मात्र त्याच्या ताटात दोन तळलेल्या मांदेल्या जास्त होत्या.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील तेव्हाची सुट्टी मी विसरू शकत नाही. मी बारा वर्षांची होते. निघायच्या आदल्या दिवशी मामाने माझ्याकडे एक चिठ्ठी दिली. मामीला वाचता येत नसे, म्हणून मलाच म्हणाला, "शालू, गेल्यावर तिला वाचून दाखव." भाऊच्या धक्क्यावरून लाँच, रेवसहून एस.टी., असं करत आम्ही संध्याकाळी पोचलो आणि जेवणं झाल्यावर मी चिठ्ठी वाचली.

मामाने लिहिलं होतं की शेत आता गेलंच आहे, त्याचा नाद सोड. म्हैस शेजारी देऊन टाक, घराला कुलूप लाव, आणि शालू-वसंत परत निघतील तेव्हा त्यांच्याबरोबर मंजुळेला आणि गणूला घेऊन मुंबईला ये. गिरणीजवळ एक खोली बघून ठेवली आहे.

शेत गेलं म्हणजे काय झालं होतं ते मला मंजुळेने सांगितलं. मामीचं शेत खाजणात होतं. खाजण म्हणजे समुद्राला मातीचा बांध घालून मागे सोडवलेली जमीन. दिवाळीच्या अवसेला मोठं उधाण आलं आणि बांधाला खांड पडली, म्हणजे तेवढा भाग फुटून वाहून गेला. कापणीला आलेलं भात खाऱ्या पाण्यात बसलं. तेव्हापासून दर उधाणाला समुद्र त्या खांडीतून आत येत होता आणि खांड रुंद होत होती. शेजारच्या दोन घरांची शेतंही त्याच बांधामागे होती. पण त्या घरांतले पुरुषही मुंबईत. शिमग्याला सगळे आले की बघू, असं ठरलं होतं.

मामीने चिठ्ठी माझ्या हातून घेतली, घडी केली आणि तांदळाच्या डब्याखाली ठेवली.

"सुट्टी किती दिसांची तुजी?"

"अकरा. त्यातला आजचा गेला."

"आज षष्ठी," ती बोटांवर मोजत म्हणाली. "अष्टमीपासून भांग लागल." भांग म्हणजे समुद्राचा जोर कमी असतो ते चार-पाच दिवस. तेव्हा भरती खांडीत जेमतेम शिरते. "मंग पुनवेला उधान. त्याच्या आदी खांड बुजवायची."

मंजुळेने विचारलं, "कोन बुजवनार?"

"आपुन."

"आपुन पाच जनां? त्यात गनू?"

"गनू पेंढा आनंल," मामी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती शेजारच्या दोन्ही घरी जाऊन आली. एका घरी सासू म्हणाली, शिमग्यापर्यंत थांब. मामी म्हणाली, "मी थांबतंय, पन दर्या थांबल का?" मग ती हशातात्यांकडे गेली. तात्या गावातले सगळ्यांत जाणते. तरुणपणी सगळे बांध त्यांच्या देखरेखीखाली घातले गेले होते. आता गुडघ्यांनी अधू होऊन ओटीवर बसून असत. ते हसले. "जना, ह्या बायकापोरांचा काम न्हाय. तू आपली मुंबयला जा." मामी तिथून निघाली ती पाय आपटतच घरी आली. "मना काय समजत न्हाय का? डोल्यांनी बघितलाय मी बांध घालताना."

अष्टमीला सकाळी आम्ही बाहेर पडलो. थंडी होती. खांड सात-आठ हात रुंद होती आणि मधून ओहोटीचं पाणी अजून वाहत होतं. मामीने चिखलात मेढी ठोकल्या, म्हणजे लाकडी खुंट, दोन रांगांत. आम्ही त्यांत करंजाच्या फांद्या विणल्या. मग या दोन्ही विणलेल्या कुडांच्या मधे चिकट मातीचे गोळे टाकायचे, वर पेंढा, परत माती. वसंत आणि गणू पेंढ्याचे भारे ओढत आणायचे. मी आणि मंजुळा माती वाहायचो. पहिल्या दिवशीच माझ्या तळहातांना फोड आले. मी ते मामीला दाखवले. तिने त्यावर खोबरेल लावलं, चिंधी बांधली आणि टोपली परत हातात दिली. मला राग आला. मुंबईत आई असती तर तिने मला झोपवून ठेवलं असतं, असं वाटून मी डोळे पुसत माती वाहिली.

तीन दिवसांत खांड भरली. दशमीच्या संध्याकाळी आम्ही त्यावर उभे राहिलो. गणू त्यावरून पळत सुटला. मामी पहिल्यांदाच मोठ्याने हसली. पण एकादशीला सकाळी जाऊन पाहतो तर मधला भाग खचला होता आणि खालून, मेढींच्या बुडातून, पाणी आत झिरपत नव्हतं तर चक्क वाहत होतं. आमच्या डोळ्यांदेखत एक मेढ हलली, आडवी झाली आणि तिच्यामागे तीन दिवसांची माती बसली.

गणू रडू लागला. मी म्हटलं, "मामी, झालं आता. राहू दे." खरं सांगायचं तर मला बरंच वाटत होतं.

मामीने आडव्या झालेल्या मेढीचं बूड हाताने चाचपलं. मग म्हणाली, "चुकी माजी हाय." एवढंच. फावडं बांधावर ठेवून ती गावाकडे चालू लागली. आम्ही मागे. ती थेट हशातात्यांच्या ओटीपुढे उभी राहिली, पायांना चिखल तसाच.

"तात्या, त्या दिशी मी रागान गेलू. खालून गेला पानी. काय चुकला ता सांगा."

तात्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग आमच्याकडे. माझ्या हातांच्या चिंध्यांकडे पाहून त्यांनी विचारलं, "ही पन व्हती?"

"चारी पोरां व्हती."

"पाय खनलास काय? खालचा सैल गाल काडलास?"

"न्हाय."

"मंग काय ऱ्हाईल? सैल गालावर बांध म्हंजे दह्यावर दगूड. ऱ्हा, मना काठी दे."

दोन बायकांच्या आधाराने तात्या बांधापर्यंत आले. एक मामी होती आणि दुसरी तीच शेजारची सासू, जी शिमग्यापर्यंत थांब म्हणाली होती. म्हाताऱ्याला बांधाकडे जाताना पाहून ती घरातून बाहेर आली होती. तात्यांना बसायला पाट आणला. बसल्याजागी त्यांनी काठीने दाखवायला सुरुवात केली. आधी केलेलं सगळं काढा. खालचा गाळ कमरेएवढा खणा, खाली घट्ट काळी माती लागेपर्यंत. खेकड्यांची बिळं ठेचून बंद करा. मग मेढी, आणि मातीचा प्रत्येक थर पायांनी तुडवा. "पोरांना नाचवा वर," ते म्हणाले. "पोरांसारका तुडवनारा कोन न्हाय."

दुपारपर्यंत सहा-सात बायका आल्या होत्या, त्यांच्यामागून त्यांची मुलं. सगळ्यांना सुट्टीच होती. आम्ही पंधरा-सोळा मुलं हात धरून त्या ओल्या मातीवर नाचलो, पडलो, पुन्हा नाचलो. मामी मात्र नाचण्याकडे पाहत नव्हती. ती खाली खड्ड्यात होती, छातीएवढ्या चिखलात, आणि तात्या "अजून खाली" म्हणाले की अजून खाली खणत होती. ओहोटी सरली की काम थांबवायचं, दुसऱ्या दिवशी ओहोटी लागली की परत. त्रयोदशीला भरतीचा जोर वाढू लागला आणि पाणी कामाच्या पायाशी येऊन परत जाऊ लागलं. चतुर्दशीला शेवटचा थर पडला. त्या संध्याकाळी बायकांनी बांधाशेजारच्या माळावर पोपटी लावली. मडक्यात वालाच्या शेंगा आणि भांबुर्ड्याचा पाला घालून भोवती जाळ केला. आम्ही बोटं भाजत शेंगा खाल्ल्या. मामीने खाल्ल्या नाहीत. "उद्याचा उधान जाऊ दे," ती म्हणाली.

पुनवेला दुपारी बारा वाजता भरती पुरी भरणार होती. सगळा गाव बांधावर आला. पाणी चढत चढत वर आलं. नव्या बांधाच्या अर्ध्यावर, मग त्याच्याही वर. माथा जेमतेम वीतभर उरला. सगळे पाण्याकडे पाहत होते. मामी मात्र समुद्राकडे पाठ करून उभी होती. ती आतल्या बाजूला बांधाच्या बुडाशी पाहत होती, कुठे ओल दिसते का. एका ठिकाणी दिसली. "हितं!" ती ओरडली आणि स्वतः तिथे जाऊन मातीचे गोळे पायाने दाबू लागली. आम्ही धावलो. ओल तेवढीच राहिली. घटकाभराने तात्या म्हणाले, "दर्या वलला. पानी उतरतंय."

मामी तिथेच बांधाला टेकून खाली बसली. मंजुळा तिच्याजवळ गेली, तर ती म्हणाली, "म्हशीला पानी दाखवलास का?"

रात्री तिने मला कागद-पेन्सिल घ्यायला लावली. "लिव," ती म्हणाली. मी लिहिलं: खांड बुजवली. दोन पावसांत मीठ धुऊन जाईल. तिसऱ्या साली भात होईल. आम्ही येत नाही. तब्येतीला जपा. मी विचारलं, "शिमग्याला या, असं लिहू?" ती म्हणाली, "नको. त्यांना वाटल तं येतील."

दुसऱ्या दिवशी रेवसच्या धक्क्यावर ती आम्हाला पोचवायला आली. लाँचमध्ये आम्ही दोघंच चढलो. भाऊच्या धक्क्यावर मामा उभा होता. सामान उचलायला त्याने गिरणीतला एक सोबती बरोबर आणला होता. आम्ही दोघंच उतरलेलं पाहून त्याने आमच्यामागे लाँचमध्ये पाहिलं, परत आमच्याकडे पाहिलं. मी चिठ्ठी दिली. त्याने ती तिथेच वाचली. मग माझा हात उलटा करून तळव्यावरचे सुकलेले फोड पाहिले. "हे तिनं करायला लावलं?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "हो." आणि का कुणास ठाऊक, पुढे म्हटलं, "बांध टिकला, मामा. मी नाचले त्याच्यावर."

तिसऱ्या साली भात झालं. थोडं, पण झालं. चौथ्या साली मामाने गिरणी सोडली आणि गावी गेला. त्यानंतरच्या नाताळात आम्ही गेलो तेव्हा पहिल्याच सकाळी त्याच्याही हातात खराटा होता.

मामी पुढे दहाएक वर्षांनी गेली, काविळीने, आठ दिवसांत. माझं लग्न झालं होतं. कळलं तसं निघाले, पण पोचायला उशीर झाला. ओटीवर मामा बसला होता. मी शेजारी बसले. मग तो म्हणाला, "शालू, इतक्या वर्षांत ती मला एकदापन ये म्हनाली न्हाय."



समोर वाऱ्याने भाताची शेतं हलत होती. तिकडे पाहत मामा म्हणाला, "पन यायला जागा ठेवली व्हती."