टाकीतला ऑक्सिजन

आज चेंबूरच्या क्लासमध्ये मी बारावीला वायूंच्या मिश्रणाचं गणित दिलं. बंद टाकीत एकूण दाब बाहेरच्या हवेएवढाच, पण जवळजवळ सगळा नायट्रोजन. ऑक्सिजनचा आंशिक दाब, म्हणजे एकूण दाबातला त्याचा वाटा, काढा.

सईने सगळ्यांच्या आधी उत्तर काढलं. अगदीच नगण्य. मग म्हणाली, "सर, एकूण दाब तेवढाच आहे ना? मग आत उतरणाऱ्याला काही कळणारच नाही."

"नाहीच कळत गं. वास नाही, गुदमरल्यासारखंही वाटत नाही. माणूस सरळ बेशुद्ध पडतो."

"म्हणजे बाबांना त्रास झाला नसेल."

तिचे बाबा गेल्या वर्षी कारखान्यातली टाकी साफ करायला उतरले, ते गेलेच. क्लास सुटल्यावर लगेच हे लिहायला बसलो.

कारखान्यांत काम करणाऱ्यांनो, टाकीत माणूस उतरवण्याआधी तुमच्याकडे कुणी आतला ऑक्सिजन मोजतं का रे? खरं सांगा.