सोमवारचा प्रश्न

मी तेव्हा पंचवीस वर्षांची होते आणि विद्यापीठात संशोधन साहाय्यक म्हणून नुकतीच लागले होते. सत्तरच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. आमच्या विभागानं परदेशातल्या एका विद्यापीठाबरोबर प्रकल्प घेतला होता. सुताच्या धुळीत काम करणाऱ्यांच्या छातीचं काय होतं, ते बघायचं. यंत्र तिकडचं, प्रश्नावली तिकडची. माणसं इचलकरंजीची आणि मराठी माझं.

प्रश्नावलीचं भाषांतर मी आठ दिवस खपून केलं. आमच्या विभागप्रमुख सरांनी ते सगळ्यांसमोर वाचलं आणि म्हणाले, "एक शब्द इकडचा तिकडे नाही." ते वाक्य मी घरी आईला दोनदा सांगितलं.

नववा प्रश्न असा होता : सोमवारी कामावर गेल्यावर छाती आवळल्यासारखी होते का? तिकडून आलेल्या डॉक्टर बाईंनी आम्हांला समजावलं होतं की ह्या रोगाची खूणच ही. सुट्टीच्या दिवशी छाती जरा मोकळी होते आणि दुसऱ्या दिवशी धूळ पुन्हा आत गेली की धरते. त्यांच्याकडं सुट्टी रविवारी. आमच्या घरीही रविवारीच. त्यामुळे मला काही खटकलं नाही. बाईंनी एक नियम मात्र चार चारदा बजावला होता. हेच प्रश्न आणखी काही देशांत विचारले जाणार होते, म्हणून जसं लिहिलंय तसंच वाचायचं, आपल्या पदरचं काही घालायचं नाही. दोन आठवडे शिकवून त्या परत गेल्या.

मग मी रोज सकाळच्या एसटीनं इचलकरंजीला जाऊ लागले. पाळी सुरू व्हायच्या आधी आणि पाळी सुटल्यावर माणसांना यंत्रात फुंकायला लावायचं. आतली सुई कागदावर एक रेघ काढायची. चांगल्या छातीची रेघ झपकन वर चढायची. खराब छातीची चढण चढणाऱ्या म्हाताऱ्यासारखी थांबत थांबत जायची. मग त्यांच्या घरी जाऊन प्रश्नावली भरायची. नवव्या प्रश्नाला जवळजवळ सगळे "न्हाय" म्हणत. मी "नाही" लिहीत होते.

शेवटच्या आठवड्यात एका मुसलमान विणकराच्या घरी गेले. पन्नाशीचा माणूस, हाडं वर आलेली, बोलणं अतिशय अदबीचं. सकाळी यंत्रावर त्याची रेघ मी पाहिली होती. ती वर गेलीच नव्हती. मी त्याला चाचा म्हणत होते. भिंतीपलीकडं माग चालू होते, त्यामुळे तो प्रत्येक उत्तर थोडं ओरडून द्यायचा आणि प्रत्येक ओरडण्यानंतर त्याला थांबून दम घ्यावा लागायचा.

"सोमवारी कामावर गेल्यावर छाती आवळल्यासारखी होते का?"

"न्हाय, बाई."

पलीकडच्या खोलीत त्याची बायको मागासाठी सुताच्या कांड्या भरत होती. ती तिथूनच म्हणाली, "सोमवारी कशाला हुईल? आमच्या पेठंत लाईट बुधवारी बंद. माग बंद, सुट्टी बुधवारची. बेस्तरवारी येऊन बघा की ह्येंची दशा. उंबऱ्याला धरून हुबं ऱ्हात्यात."

"तू गप बस," चाचा म्हणाला. "बाईंनी सोमवारचं इचारलंय." आणि माझ्याकडं वळून पुन्हा, जणू माझी अडचण होऊ नये म्हणून, "सोमवारी काय न्हाय बगा. तुमी लिवा."

मी लिहिलं. 'नाही.'

त्या क्षणी मला समजलं नव्हतं असं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, कारण ते खोटं होईल. हात लिहीत असतानाच समजलं होतं. विजेची टंचाई होती, एकेका पेठेची वीज एकेका वारी बंद असे, हे मला एसटीतल्या कुणीही सांगितलं असतं. मी विचारलं नव्हतं. परतीच्या वाटेवर मांडीवरची ती प्रश्नावल्यांची पिशवी मला जड वाटू लागली. दीड महिन्याची "न्हाय" होती त्यात.

दुसऱ्या दिवशी सरांना सांगायचं ठरवलं. सर कुणाशी तरी बोलत होते. त्याच्या पुढच्या दिवशी प्रश्नावल्या तिकडं पाठवायला खोकी भरली जात होती. नंतर खोकी गेली. चूक माझ्या भाषांतराची होती आणि त्याच भाषांतराचं कौतुक झालं होतं. रोज एक दिवस जात राहिला आणि वर्ष होत आलं.

ते वर्ष मला वाईट गेलं. घरात कुणी जिना चढून आलं आणि दम घ्यायला थांबलं की मला भिंतीपलीकडचे माग ऐकू यायचे. गुरुवारी सकाळी डोळे उघडले की पहिला विचार यायचा : आत्ता तो उंबऱ्याला धरून उभा असेल. कधी चहा गाळताना, अगदी कानाशी, "तुमी लिवा" असं ऐकू यायचं. मी मागं वळून बघायचे.

मग डॉक्टर बाईंचं पत्र आलं. यंत्राच्या रेघा खराब आहेत, पण सोमवारचा त्रास कुणीच सांगत नाही, हे कसं? सरांनी आम्हां सगळ्यांना बोलावून पत्र वाचलं. एक जण म्हणाला, "आपली माणसं काटक हो." दुसरा म्हणाला, "नोकरी जाईल म्हणून लपवत असतील."

"ते लपवत नाहीत," मी म्हणाले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "मी त्यांना चुकीचा वार विचारला."

सगळं सांगितलं. कधी कळलं होतं, तेही सांगितलं. सरांनी पत्र टेबलावर ठेवलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाले, "पुन्हा जायचं. प्रत्येक घरी. सुट्टीनंतरचा दिवस म्हणून विचारायचं." बाईंना त्यांनी त्याच दिवशी उत्तर लिहिलं.

मी सगळ्यांत आधी चाचाच्या घरी गेले. दार उघडं होतं. बायको एकटीच कांड्यांजवळ बसली होती. मी काही विचारायच्या आत म्हणाली, "उन्हाळ्यात गेले की वो."

मी तिथंच खाली बसले. तिनं पाणी दिलं. कशाला आले ते मी सांगितलं, माझी चूकही सांगितली. तिनं ऐकून घेतलं.

"मग माझं लिवा. वीस वर्सं मीच बघत हुते न्हवं?"

कागदावर फक्त त्याच्या उत्तरासाठी जागा होती. मी मागच्या कोऱ्या बाजूला तिचं बोलणं लिहिलं, ती बोलली तसंच, बेस्तरवारासकट.

बाकीच्या घरांतून ह्या खेपेला "व्हय" येऊ लागलं. काही जण तर प्रश्न पुरा व्हायच्या आत "व्हय" म्हणत. प्रकल्पाचा निबंध त्यावरून लिहिला गेला आणि तिकडच्या एका नियतकालिकात छापून आला. विभागात पेढे वाटले. निबंधाच्या शेवटी आभारांत माझं नाव होतं. दुसऱ्या खेपेला जे भेटले नाहीत त्यांना मोजणीतून वगळल्याचं एक वाक्य आत होतं. ते मी पुन्हा पुन्हा वाचलं.

एक प्रत घेऊन मी चाचीकडं गेले. तिला वाचता येत नव्हतं. इंग्रजी तर नव्हतंच. तिनं हात पदराला पुसून कागद घेतला आणि एकेक पान उलटत गेली.

"ह्यात ते कुठं हायत?"

"नाहीत, चाची. दुसऱ्यांदा उत्तर द्यायला ते नव्हते, म्हणून त्यांना धरलं नाही."

"आणि मी सांगितलेलं?"

"तेही नाही."

ती रागावली नाही. कागदाची घडी घालून तिनं माझ्या हातात परत दिला. "ऱ्हाऊ दे," म्हणाली. "त्येनी सोमवारचं खरंच सांगितलं हुतं. खोटं न्हाय बोलले. एवढं तरी तिकडच्या बाईंना कळवा."

मी कळवलं. बाईंचं उत्तर आलं नाही. पत्र पोचलं की नाही तेही समजलं नाही. पुढं मी तीसेक वर्षं मुलांना सर्वेक्षण कसं करायचं ते शिकवलं. पण वर्गात नमुना म्हणून कुणी मोठ्यानं प्रश्न वाचायला लागलं की मला मागांचा खडखडाट ऐकू यायचा, आणि त्या आवाजावर आवाज चढवून, दम घेत घेत, कुणीतरी मला सांभाळून घेत असायचं.