फरहाचा चेहरा, फरहाचे केस

दिग्रसला पुसद रस्त्यावर मोईन मिस्त्रीचं गॅरेज आहे. टिनाचं शेड, समोर एक निंबाचं झाड आणि त्याखाली दुरुस्तीला आलेल्या आठ-दहा दुचाक्या. मोईन बोलायला कमी आणि हट्टाला पक्का. हा हट्ट त्याच्या अंगी किती मुरलेला आहे, ते त्याची बायको वारल्यावर गावाला कळलं.

फरहा तेव्हा नऊ वर्षांची होती. तिची अम्मी काविळीचं निमित्त होऊन चार दिवसांत गेली. चाळिसाव्या दिवसाचा फातिहा झाला आणि त्याच दुपारी मोईनची थोरली बहीण हुस्नाबी फरहाचे कपडे पिशवीत भरायला बसली. हुस्नाबीचं सासर उमरखेडचं. घरात तिचा शब्द खाली पडत नसे.

"पोरीची जात हाय, मोईन. तिची येणी कोन घालन? उद्या मोठी झाली म्हंजे काय करशीन तू? तुले नटबोल्ट समजते, पोट्टी नाही समजत."

मोईनने तिच्या हातातली पिशवी काढून घेतली आणि कपडे एकेक करून पेटीत परत ठेवले.

"नाही समजत, त शिकीन," तो म्हणाला.

आणि शिकला. गॅरेजात खिळ्याला ॲक्सिलरेटरच्या तीन तारा टांगून तो वेणीचे पेड घालून पाहायचा. रस्त्याने जाणारे हसले. त्याने मान वर केली नाही. पंधरा दिवसांत फरहा शाळेत घट्ट, सरळ दोन वेण्या घालून जाऊ लागली.

तीन वर्षं बरी गेली. बारावं सरलं आणि फरहाचं अंग बदलू लागलं. कपाळावर बारीक पुरळ आलं, मग हनुवटीवर लाल फोड. रविवारी धुतलेले केस मंगळवारी तेलकट दिसायचे. मोईन घाबरला आणि घाबरून आणखी तेल घालू लागला. तिची अम्मी रोज चपचपून तेल लावायची, एवढंच त्याला ठाऊक होतं. ते तेल कपाळावर ओघळायचं आणि पुरळ वाढायचं. वर्गातल्या पोट्ट्यांनी फरहाचं नाव 'खड्ड्यांची सडक' ठेवलं. ती ओढणी कपाळावर ओढून बसू लागली. एकदा तिने लिंबाच्या रसात खायचा सोडा कालवून तोंड खसखसा घासलं. संध्याकाळी मोईन घरी आला, तर पोरीचे गाल सोलल्यासारखे झालेले.

हुस्नाबीला हे कळलं तशी ती पहिल्या एसटीने आली आणि पदराआडून एक ट्यूब काढली.

"हे लाव. पंधरा दिवसांत चांद निघन, चांद. आमच्या मोहल्ल्यात समद्या पोट्ट्या लावतेत."

चांद खरोखर निघाला. पंधरा दिवसांत फोड बसले, रंग उजळला. फरहा आरशासमोर हसली. मोईन एवढा खूश झाला की ट्यूब संपल्यावर दुसरी त्याने स्वतः मेडिकलमधून आणली. मग तिसरी. ही गोष्ट तो आजही कोणी न विचारता सांगतो. म्हणतो, "हुस्नाआपानं एक देल्ली, दोन म्या आनल्या."

चौथ्या महिन्यात फरहाचे गाल मिरची चोळल्यासारखे लाल राहू लागले. उन्हात निघाली की आग व्हायची. गालांवर लव दाट झाली. एक दिवस मलम चुकलं की दुसऱ्या दिवशी दुप्पट फोड. मोईनने शेडला कुलूप लावलं आणि पोरीला घेऊन यवतमाळची गाडी धरली.

कातडीच्या डॉक्टरबाईंनी ट्यूब हातात घेतली, मागचं बारीक छापलेलं वाचलं आणि विचारलं, "हिची आई कुठे आहे? मला तिच्याशी बोलायचंय."

"आई नाही. जे सांगाचं थे मले सांगा."

 बाई खुर्ची फरहाकडे वळवून म्हणाल्या, "मग मी तुलाच सांगते. चेहरा तुझा आहे."

त्यांनी सांगितलं की या मलमात स्टेरॉइड आहे. ते आजारापुरतं, डॉक्टरांच्या देखरेखीत वापरायचं औषध. रोज लावलं की कातडी पातळ होते. आता ते बंद. बंद केल्यावर काही आठवडे चेहरा आणखी भडकेल, पण भिऊन परत लावायचं नाही. सकाळ-संध्याकाळ सौम्य साबणाने बोटांच्या टोकांनी चेहरा धुवायचा, घासायचा नाही, टॉवेलने नुसता टिपायचा. लिंबू नको, सोडा नको. फोड फोडला की डाग राहतो. केस आठवड्यातून दोन-तीनदा धुवायचे आणि तेल लावायचंच असेल तर धुण्याआधी थोडं, कपाळापासून लांब.

"आन् हे फोड... तिची काही चूक झाली काय? खान्यात-पिन्यात?" मोईनने विचारलं.

"वयात आली ती, एवढंच. या वयात बहुतेकांना येतात. तुम्हालाही आले असतील."

मोईनचा हात आपसूक स्वतःच्या गालावरच्या जुन्या खड्ड्यांकडे गेला. त्याला कोणी कधी सडक म्हटलं नव्हतं.

परतल्यावर तो घरी न जाता थेट मेडिकलवर गेला आणि ट्यूब काउंटरवर ठेवली.

"चिठ्ठी नसताना हे देल्लं कसं तुमी?"

"अरे मिस्त्री, समदेच नेतेत."

"समद्यायले सांगीन मंग मी. तुया दुकानासमोर उभा राहून सांगीन."

दुकानासमोर नाही, पण गॅरेजात त्याने ते केलंच. पंक्चर काढता काढता, ऑइल बदलता बदलता, ज्याच्या घरी वयात आलेली पोर आहे त्या प्रत्येकाला त्याने सांगितलं. रामराव नावाचे एक शेतकरी वैतागून म्हणाले, "अरे बापा, गाडीचं पाह्य ना!" मोईन म्हणाला, "गाडी होते उद्या. पयले हे ऐका." मेडिकलवाल्याने त्याच्याकडे गाडी आणणं बंद केलं. मोईनला त्याचं काहीच वाटलं नाही.

डॉक्टरबाईंनी सांगितल्याप्रमाणेच झालं. मलम बंद केल्यावर फरहाचा चेहरा सुजला, फोडांनी भरला. ती रडून रडून विचारायची, "अब्बू, एकच दिवस लावू? एकच?" मोईन थंड पाण्यात बुडवून पिळलेला मऊ कपडा तिच्या हातात द्यायचा आणि बाजूला बसून राहायचा. उशीची खोळ एक दिवसाआड स्वतः धुवायचा. नळावरच्या बाया बघायच्या. बघू दे.

त्याच दिवसांत हुस्नाबीच्या मुलीचं, तरन्नुमचं, लग्न आलं. आदल्या दिवशी हे दोघं उमरखेडला पोचले. फरहाला पाहताच हुस्नाबीने कपाळावर हात मारला आणि तिला आतल्या खोलीत नेलं. मोईन मागोमाग गेला. हुस्नाबीच्या हातात तीच ट्यूब होती.

"आज उद्या लावू दे. नवरदेवाकडची मंडळी येऊन राह्यली. हे तोंड पाह्यलं त काय म्हनन? घरात काही बिमारी हाय म्हनन. नाही त पोरीले आतच बसव."

मोईनने तोंड उघडलं, पण फरहाच आधी बोलली. 

"फुप्पी, मी लावनार नाही. आन् आतही बसनार नाही. तरन्नुम आपाचं लग्न पाहाले आली मी, तोंड दाखवाले नाही. ज्याले पाहाचं नसन त्यानं तिकडं पाहावं."

"ऐकली, मोईन, जुबान? हेच शिकवलं काय तू?"

"हे म्या नाही शिकवलं," मोईन म्हणाला. "पन चांगलं शिकली."

लग्नात फरहा पुढच्या रांगेत बसली. ओढणी खांद्यावर, चेहरा उघडा, लाल. दोघी-तिघी कुजबुजल्या. एकीने तोंडावरच विचारलं, "काय झालं वं तुले?" फरहाने सांगितलं, "फोड आले."  एवढ्या सरळ उत्तरावर ती बाई दुसरीकडे पाहू लागली. हुस्नाबी मात्र निघताना त्यांना दारापर्यंत सोडायला आली नाही. ती अजूनही मोईनशी मोजकंच बोलते. ईदला सलाम घेते, तेवढंच.

चेहरा सावरायला सात-आठ महिने लागले. हनुवटीवर दोन डाग राहिले, पाळीच्या आसपास चार फोड अजूनही येतात. पण आग गेली, लाली गेली.

एक गोष्ट मात्र मोईनच्या ध्यानात आली नव्हती. रोज सकाळी तो फरहाची हनुवटी धरून उजेडाकडे वळवायचा आणि फोड मोजायचा. एके दिवशी तिने त्याचा हात बाजूला केला.

"अब्बू, रोज असं नका पाहू. मी काही सर्व्हिसिंगला आलेली गाडी नाही. दुखलं त मी सांगीन." मग दम घेऊन म्हणाली, "आन् मले केस कापाचे हायेत. खांद्यापर्यंत."

मोईनने तिच्या वेण्यांकडे पाहिलं. कंबरेपर्यंतचे केस, थेट तिच्या अम्मीसारखे.

"कायले? म्या घालून देतो ना येणी."

"धुवाले घंटाभर लागते. मानेले घाम, पाठीवर पुरळ. अब्बू, केस माये हायेत."

उमरखेडला हे कळलं तर काय होईल, ते त्याच्या डोळ्यांपुढे आलं. त्याहून जास्त त्याला स्वतःलाच नको होतं. तो दुपारपर्यंत एका गाडीचं कार्बोरेटर उगाच खोलत-जोडत बसला. मग हात धुतले आणि फरहाला घेऊन बाजारातल्या ब्युटी पार्लरवर गेला.

पार्लरवाली कांताबाई कात्री हातात घेऊन म्हणाली, "पक्कं ना, मिस्त्री? इतके लांब केस! पोरीचा बाप म्हनून तुमी सांगा."

"तिले इचारा," मोईन म्हणाला, आणि बायांच्या दुकानात पुरुषाने थांबू नये म्हणून बाहेर येऊन रस्त्याच्या कडेला उभा राहिला.