'पहाट' वर्गातली

जहाजांत विजेच्या तारा ओढणाऱ्या मावशी गोदीतून निवृत्त झाल्या तेव्हा त्यांच्या हातून बरीच जहाजं गेली होती. पण जीव अडकला तो एकातच, 'पहाट'मध्ये. ही एका नव्या नमुन्याची पहिली युद्धनौका. पहिल्या जहाजाच्या वेळी सगळी गोदीच पहिलटकरीण असते. नकाशा एक सांगतो, लोखंड दुसरंच. 'पहाट'नं सगळ्यांना रडवलं. तिच्यावरून बेतलेली पुढची जहाजं मात्र भराभर पाण्यात उतरली. मावशींना तोवर दुरुस्तीकडे धाडलं होतं. त्या जहाजांचं तोंडही त्यांनी पाहिलं नाही.

"आई, तुमची 'पहाट' आलीय बंदरात!" एका सकाळी सून म्हणाली. "लोकांना आत सोडतायत."

मावशींनी चहा तसाच ठेवून ठेवणीतले कपडे काढले.

"माहेरी निघाल्यासारख्या नटलात की!"

"माहेरच आहे गं. फक्त हे मी स्वतः बांधलंय."

सुनेबरोबर धक्क्यावर पोचल्या आणि थबकल्या. जहाजावर नाव होतं 'चाहूल'.

"अगं, ही ती नव्हे."

"बातमीत तर 'पहाट' होतं!" सुनेचा चेहरा उतरला.

शिडीपाशी उभा नाविक हसला. "'पहाट' वर्गातली, असं असेल ताई. पहिलीचं नाव अख्ख्या वर्गाला लागतं. ही पाचवी."

"आणि पहिली कुठंय?" मावशींनी विचारलं.

"ती गेल्या वर्षी मोडीत काढली, आजी. पण नाव आहे ना! आम्ही सगळे 'पहाट'वालेच."

सून हळूच म्हणाली, "चला, घरी जाऊ."

"आलोय तर बघू," म्हणत मावशी शिडी चढल्या.

आत त्यांना वाट विचारावी लागली नाही. दुसऱ्या वळणावर त्या वाकल्या. 'पहाट'वर इथं पोलादी पत्र्यामागे हात खुपसून तार ओढावी लागे. दंड सोलून निघायचा. मावशींनी त्यापायी साहेबांचं डोकं उठवलं होतं.

इथं पत्र्याला छोटी झडप होती. मावशींनी ती उघडून हात घातला. खांद्यापर्यंत सहज गेला.

"बघा, तुमचं ऐकलं की हो त्यांनी!" सून खुलली.

"ऐकलं खरं." त्या आत हात फिरवत राहिल्या, उजवीकडे, मग खाली. "इथं कुठंच खरचटत नाही गं."

मागची माणसं वाट मागत होती. तरी मावशींनी हात लगेच काढला नाही.